पहिला वाटा मावशीचा

मावशी, जाण्याच्या दोन दिवस आधी तू मला एक गोष्ट विचारलीस आणि मी तुला खोटं सांगितलं.

तू कुशीवर वळलीस, माझा हात धरलास आणि म्हणालीस, "गेलती काय व परबताकडे?"

मी म्हटलं, "गेलती."

"मंग? काय म्हणे थे?"

म्हटलं, "काही नाही म्हणे. हासली."

"हासली ना? मंग झालं," असं म्हणून तू डोळे मिटलेस. त्या दुपारी तू कण्हली नाहीस. मी पायाशी बसून तुझी वाकळ नीट करत राहिले आणि मनात म्हणत राहिले, तू बरी झालीस की खरं सांगेन. तू काही बरी झाली नाहीस.

परबताकडे मी गेलेच नव्हते. तीन उन्हाळे तू मला जा म्हणत होतीस आणि मी उद्या जातो म्हणत होते. तिचं घर आपल्या घरापासून चार अंगणं पलीकडे. तेवढं मला ओलांडता आलं नाही. काल जे घडलं ते तुला सांगायचं म्हणून आज हे लिहायला बसले. घरात कोणी नाही. बोलायला तोंड उघडत नाही हे तुला ठाऊकच आहे, पण हात चालतो.

तुझ्याकडे आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई गेली, चौथीची परीक्षा झाली आणि मामांनी मला नेरच्या बसमध्ये बसवून तुझ्याकडे धाडलं. तुझ्या घरी पोहोचले तर घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, सगळे नदीवर गेलेत. मी पिशवी घेऊन नदीवर आले. होळी होऊन गेली होती. अडाण नदी तेव्हा तुटलेली असते, वाहणं थांबतं आणि डोह तेवढे उरतात. कापूस वेचून झालेला असतो, बायांच्या हाताला काम नसतं, आणि भोईपुऱ्याची नऊच्या नऊ घरं डोहात उतरतात. मी पाहिलं ते असं: पुरुष जाळी धरून उभे, डोहाच्या तोंडाशी कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचा कूड बांधलेला, आणि बाया कमरेएवढ्या पाण्यात टोपल्यांनी पाणी बडवत मासे कुडाकडे हाकून राहिल्या. त्या सगळ्यांत मोठा आवाज तुझा होता. तू मला पाहिलंस आणि पाण्यातूनच ओरडलीस, "आली काय माही पोरगी! ठेव थे पिशवी. उतर पाण्यात."

मी फ्रॉकसकट उतरले. आईसाठी रडायचं राहून गेलं होतं, ते पाण्यात रडून घेतलं. तोंड तसंही ओलंच होतं. तू पाहिलंस. माझ्या हातात एक टोपली दिलीस आणि म्हणालीस, "बडव."

त्याच दिवशी माझं काम ठरलं. मासे बाहेर काढून करंजाच्या सावलीत नऊ ढीग घातले. पहिली मूठभर बारीक मासोळी तू नदीत परत सोडलीस. मग सगळे ढिगांभोवती गोल बसले आणि मी लाजून पाठ करून बसले. एवढ्या लोकांसमोर तोंड कुठे करावं तेच कळेना. वाटे घालणारे धोंडबा तेव्हा काळ्या केसांचे होते. ते हसून म्हणाले, "गिरजा, तुही पोरगी तं आधीच पाठ करून बसली. तिलेच नावं पुकारू दे." त्यांनी काठी एका ढिगावर टेकवली आणि विचारलं, "हा कोणाचा?" पाठ करून बसलेल्यानं न पाहता नाव घ्यायचं, ज्याचं नाव निघेल त्याचा तो ढीग. मला कोणाचंच नाव माहीत नव्हतं. तोंडातून निघालं ते एकच, "मावशीचा."

बाकीची नावं तू हळूच सांगत गेलीस आणि मी म्हणत गेले. तेव्हापासून वाटे मीच पुकारले. लग्न त्याच भोईपुऱ्यात झालं, तरी पाठ माझीच. पहिलं नाव नेहमी तुझं निघायचं, सवयच झाली. शेवटी आमच्या घराचं नाव घ्यायची वेळ आली की मी गप्प. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मग धोंडबाच म्हणायचे, "राह्यला थो रुखमाचा." सगळे हसायचे. शेवटचा ढीग आमचा.

एकदा मोठे मासे कापून ढीग घातले होते, तेव्हा धोंडबांच्या वाट्याला नुसती डोकी आणि शेपट्या आल्या. ते म्हणाले, काठी घसरली, पुन्यानं पुकारा. तू पदर खोचून उभी राहिलीस. "नाव निघालं म्हणजे निघालं! नदीनं आयकलं, आमी आयकलं. म्हातारा झाला तं काठी घट्ट धर." धोंडबांनी मुकाट्यानं डोकी उचलली. घरी येऊन तू आपल्या ढिगातला एक शेंगाळा पदराखाली घालून त्यांच्या चुलीशी टाकून आलीस. तेही मी पाहिलं होतं. दोन्ही पाहिलं होतं, पण तेव्हा समजलं नाही.

मग ते साल आलं, कपाशी लाल पडून उभी वाळली ते. बोंडंच नाहीत तर वेचायला कोण बोलावणार? पौषातच आपण रिकाम्या झालो. परबताचा माणूस त्याच पावसाळ्यात दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करता करता गेला. औषध डोक्यात चढलं, घरी येऊन पडला तो उठला नाही. उन्हाळ्यात परबता एकटी टोपली घेऊन डोहात उतरली. जाळं धरणारा कोणी नाही, तरी जो पाण्यात उभा राहिला त्याचा वाटा, हा आपला नियम. तिचा ढीग इतरांएवढाच होता. पण तीन लेकरं काठावर बसून ढिगांकडे पाहून राहिली होती.

त्या दिवशी एका ढिगात हातभर लांब मरळ होता. मी पाठ करून बसले. हातात भाकरीच्या स्टीलच्या डब्याचं झाकण होतं. लाजेनं हाताला काहीतरी चाळा लागतो मला. झाकणात मागची काठी दिसली, आणि काठीखाली मरळ दिसला. धोंडबांनी विचारलं, "हा कोणाचा?"

मी म्हटलं, "परबताचा."

दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. तुझ्या आलं, कारण पहिलं नाव तुझं निघालं नाही. घरी आल्यावर तू दार लोटलंस आणि हात पुढे केलास. "झाकण दाखव."

मी दाखवलं. तू त्यात पाहिलंस, मागे खुंटीवर टांगलेलं जाळं त्यात दिसलं. मग तू जी सुरू झालीस!

"तुले द्यायचं होतं तं आपल्या ढिगातून द्यायचं होतं. लोकाईचे डोळे बांधून कायले देतं?"

"आपल्या ढिगात होतं तरी काय, मावशी?"

"जे होतं थे!"

"तिची लेकरं उपाशी हायेत."

"लेकरं मले दिसतात, मी आंधळी नाई झाली. पण तुह्या पाठीवर नऊ घरं भरोसा ठेवून हायेत. उद्या कोणाले समजलं तं परबताचा खरा वाटाबी लोक खोटा म्हणतील. अन् तू तिच्याकडे पाह्यलं काय? रोज थे कुरकुर करते, याच्यात काटेच हायेत, त्याच्यात डोकेच हायेत. आज मरळ उचलला अन् एक शब्द नाई बोलली. काहून? ज्याच्यावर दया केली थे माणूस कुरकुर करत नाई, मुके!"

तुझा आवाज काय घरात मावणारा! दाराबाहेरून कोणीतरी म्हणालं, "मावशी, तुही टोपली ठेवून जातो." तो आवाज परबताचा होता. आपण दार उघडलं तर टोपली उंबऱ्याशी, आणि ती पाठमोरी.

पुढच्या वेळी ती डोहावर आली नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. तिच्या धाकट्या पोरीला मी रस्त्यात विचारलं तर पोरगी म्हणाली, "आमच्या घरी मासे खात नाईत आता."

नवाचे आठ ढीग झाले. तू म्हणालीस, चूक तुझी आहे, तोंडानं केलीस, तोंडानंच मिटव, मी येणार नाही तुझ्यासोबत. मी दोनदा तिच्या अंगणापर्यंत गेले. एकदा ती तूर पाखडत होती, एकदा लेकराला न्हाऊ घालत होती. दोन्ही वेळा मी असं दाखवलं की मी पुढे कुठेतरी चालले आहे, आणि खरंच पुढे कुठेतरी जाऊन परत आले.

तू मात्र सोडलं नाहीस. वाटे घालायच्या आधी दर वेळी मोठ्यानं विचारायचीस, "झाकण कुठी हाय व?" मी म्हणायची, डब्यावर. धोंडबा म्हणायचे, "या गिरजाले भाकरीचाच घोर!" आणि सगळ्या बाया हसायच्या. मीही हसायची, कान गरम व्हायचे. एवढं सगळं ठाऊक असून तू चार लोकांत माझं नाव कधी घेतलं नाहीस, आणि पाठ करायला दुसऱ्या कोणाला बसवलंही नाहीस. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. माझ्या हातून जे बिघडलं तेच काम तू माझ्याच हाती ठेवलंस, म्हणून मी नदीवर येत राहिले. नाहीतर मीही घरीच बसले असते.

एक मात्र सांगते, रागावू नकोस. तो मरळ त्या लेकरांच्या ताटात पडला, त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. झाकणाचं वाटतं, मरळाचं नाही. हे भांडण आपलं राहूनच गेलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, दोन्ही एकच आहे. मी म्हटलं असतं, नाही. मग तू तंबाखू मळत बसली असतीस आणि रात्रीच्या कालवणात चिंच जास्त पडली म्हणून भलतंच भांडण काढलं असतंस.

तुझं तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी डोहावर जायचं ठरलं. माझं मन नव्हतं. घरचे म्हणाले, "तू नाई आली तं वाटे कोण पुकारीन?" गेले. कूड बांधताना तुझी जागा रिकामी होती, डाव्या अंगाला, जिथे कपार आहे आणि वाम दडून बसतात. तिथे कोणी उभं राहीना. शेवटी मी राहिले. पाय घसरतो तिथे, मावशी. तू कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटायचं तू उगाच एवढी पाय रोवून उभी राहतेस.

मासे बरे निघाले. पहिली मूठ मी सोडली. परबता नाही, तू नाहीस, म्हणून सात घरांचे सात ढीग. डबा मी मुद्दाम घरी ठेवला होता. पाठ करून बसले, हात मांडीखाली घेतले. धोंडबांचे केस आता पांढरे झाले आहेत, काठी टेकायला वेळ लागतो.

"हा कोणाचा?"

"मावशीचा," मी म्हटलं.

जाळ्यातून गळणारं पाणी ऐकू येत होतं. मग मला कळलं मी काय म्हटलं ते. मागे वळून पाहायची हिंमत होईना.

धोंडबा हळूच म्हणाले, "रुखमे, गिरजा तं गेली व."

कोणी म्हणालं, "होते असं. सवय हाय तिले." दुसरं कोणी म्हणालं, "पुन्यानं टेकवा काठी, धोंडबा."

मला काय झालं सांगता येत नाही. मी पाठ केलेलीच होते, समोर फक्त डोह होता, म्हणून असेल. मी मोठ्यानं म्हटलं, "नाव निघालं म्हणजे निघालं!"

माझा आवाज पलीकडच्या दरडीवर आपटून परत आला. एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मला तेव्हाच समजलं. थोडा तुझ्यासारखाच वाटला.

"बरं बापा," धोंडबा म्हणाले, "निघालं म्हणजे निघालं." आणि पुढचा ढीग विचारला. मी एकेक नाव घेत गेले. सहा नावं झाली आणि ते थांबले. "संपले," म्हणाले.

"अन् आमचा?" मागून आमच्या घरचे बोलले.

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. शेवटचा ढीग आमचा, आणि शेवटचा ढीग उरलाच नव्हता. तुझ्या नावावर गेला होता तो आमचाच. आमचे रिकामी टोपली उलटी करून म्हणाले, "म्हणजे आज बेसन!" बायांना हसू आवरेना. कोणी आपल्या ढिगातला एक, कोणी दोन मासे पुढे करू लागलं. मी नको म्हटलं. तू म्हणाली होतीस ना, द्यायचं तर आपल्या ढिगातून. मी काही ठरवलं नव्हतं, ते आपोआपच झालं. मी तुझा ढीग टोपलीत भरला आणि ओल्या लुगड्यानिशीच चार अंगणं ओलांडून गेले.

परबता चुलीसाठी पऱ्हाट्या मोडत होती. मी टोपली खाली ठेवली.

"कोणाचे?" तिनं विचारलं.

"मावशीचे."

"मावशी तं गेली."

"गेली. पण नाव तिचं निघालं." आणि मग मी सगळं सांगितलं. झाकण, मरळ, दाराआडचं भांडण, तू मला तीन उन्हाळे जा म्हणत होतीस ते, आणि तुला सांगितलेलं खोटंही. मी इतकं सलग कोणाशी बोलले नव्हते. बोलताना मी तिच्याकडे तोंड करून होते.

तिनं हातातली काडी मोडली. "चार अंगणं ओलांडायले तीन वर्स लागले तुले?"

"हो वहिनी."

"मले वाटलं मावशीले माह्या लेकराईच्या ताटातला मरळ खुपला. त्याच्यापायी मी तिच्या मयतीले दुरूनच उभी राह्यली."

"मरळ नाई खुपला. माह्यं झाकण खुपलं."

ती हसली तर नाहीच. मला वाटलं, टोपली परत नेऊ का? मग तिनं वाकून एक शेंगाळा उचलला, कल्ला उघडून लाल आहे की नाही पाहिलं, आणि घरात तोंड करून म्हणाली, "राख आण व पोरी, हा हातातून निसटून राह्यला." मला एवढंच म्हणाली, "झाकण कुठी हाय आता?"

"घरी."

"मंग घरीच राहू दे."

मावशी, आता कालचं सांगते. काल पुन्हा त्याच डोहावर गेलो. आम्ही कूड बांधत होतो तर वरून टोपली घेऊन परबता आली. ती सरळ डाव्या अंगाला कपारीशी उतरली, घसरली, आणि मी म्हटलं, "पाय रोवून उभ्या राहा वहिनी, तिथं शेवाळ हाय." ती म्हणाली, "हे आता सांगतं?"

आठ घरं झाली. पण ढीग घालताना धोंडबांनी कोणाला न विचारता नऊ घातले. "गिरजाचा राहू द्या," म्हणाले. "पाण्यात उतरता नाई येत अशा घरी जाईन थो." धोंडबांची नात बाळंत होऊन आली आहे, पण त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. मी मनात घेतलं.

मी पाठ करून बसले. पहिला ढीग तुझा. ते आता चुकून म्हणत नाही. दुसऱ्यावर काठी टेकली आणि मला खरंच काही माहीत नव्हतं त्या काठीखाली काय आहे ते. समोर पाणी, पाण्यात करंजाची सावली.

"हा कोणाचा?"

"परबताचा."

मागून परबता कडाडली, "हे काय व! नुस्ते काटे अन् डोके! माह्याच नशिबी काहून दर वेळी? रुखमे, तू पाठ करून पुकारून राह्यली का झोपून राह्यली?"

"नाव निघालं म्हणजे निघालं," धोंडबा म्हणाले.

"निघालं तं निघालं, पण मी बोलीन!" ती म्हणाली, आणि बोलतच राहिली. कोणाला केवढा वाम आला, कोणाच्या ढिगात झिंगे जास्त, धोंडबांची काठी कशी आपल्याच लोकांकडे झुकते. बाया पोट धरून हसू लागल्या. मी नियम मोडला आणि मागे वळून पाहिलं. हातात एक डोकं धरून ती तणतणत होती, आणि तणतणता तणतणता तिला स्वतःलाच हसू फुटलं.

मावशी, तुला मी सांगितलं होतं, परबता हसली म्हणून. तेव्हा ते खोटं होतं.